शाल्मलीची उघडीप

केतकी भुवडनं गाडी चार्जिंगला लावली, हातमोजे काढून सीटवर आपटले आणि ती सरळ देवरुखकरांच्या केबिनमध्ये घुसली. दार वाजवायची तसदीही तिनं घेतली नाही. चिपळूण डेपोचे मॅनेजर देवरुखकर डबा उघडून भाकरी मोडत बसले होते. तिचा चेहरा बघून त्यांचा घास हातातच राहिला.

“शाल्मलीताईच्या आतड्यात गाठ निघालीय,” केतकी म्हणाली. “कॅन्सरची. तुम्हाला सकाळीच कळलं होतं, आणि तरी मला कराडच्या फेरीला पाठवलंत.”

देवरुखकर आधी हळहळले. मग घाटात गाडी चालवणाऱ्या बाईला अशी बातमी देणं बरं नव्हे, म्हणून मुद्दाम थांबलो, असं त्यांनी सांगितलं. आणि डब्याचं झाकण लावता लावता, ज्याची सकाळपासून जुळवाजुळव चालली होती ते वाक्य त्यांनी हळूच पुढे सरकवलं.

“पण एक आहे केतकी. उघडीप तिनं तुला दिली होती. ती तुमची आपसातली अदलाबदल. त्यात कंपनी काय करणार?”

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा उचलून त्या माणसाच्या अंगावर उपडा करावा असं तिला वाटलं. पण ती तशीच मागे फिरली, कारण तो बोलला त्यातलं निम्मं खरं होतं.

आता ही उघडीप म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे.

घाटवाहिनी कंपनीच्या विजेवरच्या बसगाड्या चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जात. गाड्या नव्याकोऱ्या, सीटा मऊ, प्रत्येक प्रवाशाच्या डोक्यावर गार वाऱ्याचा झोत. चालवायला बायका, कारण बायका गाडी जपून चालवतात असं कंपनीच्या कुठल्याशा पाहणीत निघालं होतं. या जपून चालवणाऱ्या बायकांसाठी घाटातल्या एखाद्या थांब्यावर संडास बांधावा, हे मात्र कुठल्याच पाहणीत निघालं नाही. निघणार कसं? पाहणी करणारे साहेब घाटात कधी अडले नव्हते.

केतकीला आणि शाल्मली साळवीला एकच दुखणं होतं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज, जखमा, रक्त. कळ आली की दम धरवत नाही, आणि दिवसातून किती वेळा येईल त्याला धरबंध नाही. केतकी उपाशीपोटी गाडी चालवायची, आतून डायपर बांधून. एकदा डेपोत गाडी लावेपर्यंत व्हायचं ते झालं आणि ती स्टिअरिंगमागून उठेचना. तेव्हा शाल्मलीनं बाकीच्यांना चहाला पिटाळलं, तिला मागच्या दारानं मोरीत नेलं, स्वतःची जादाची सलवार दिली आणि सीट धुऊन पुसून ठेवली. तोंडातून एक शब्द काढला नाही. सगळं आवरल्यावर एवढंच म्हणाली की मलाही हेच आहे गो, फक्त मी तुझ्यापेक्षा जुनी. त्या दिवसापासून ती केतकीची ताई झाली.

बायकांनी कंपनीकडे संडास मागितले. कंपनीनं ‘निवांत’ दिलं.

हे ‘निवांत’ थोतांड नव्हतं, उगाच बोल लावायचा नाही. ते खरोखरच चांगलं औषध होतं. या दुखण्याच्या सातही चालकांना डेपोच्या हॉलमध्ये बसवून डॉ. शबनम परकारांनी ते समजावलं होतं. परकार मॅडमचं बाजारपेठेमागे लहानसं इस्पितळ होतं, पोटाच्या दुखण्यांत त्यांचा हातखंडा होता, आणि अवघड गोष्ट सोपी करून सांगायची त्यांना मनापासून हौस होती.

त्या म्हणाल्या, शरीरातल्या राखणदार पेशींचा सगळ्यांत मोठा जमाव असतो तो आतड्याच्या अस्तरात. कारण आतड्यात अब्जावधी जंतू नांदतात, त्यांतले बहुतेक आपल्या उपयोगाचे, आणि त्या गर्दीतून नेमका वाईट तेवढा ओळखायचा असतो. तुमच्या आतड्यात हे राखणदार बिथरलेत. ते आपल्याच घराच्या भिंतीवर काठ्या हाणतात. भिंतीला जखम होते, ती भरायला शरीर घाईघाईनं नव्या पेशी बनवतं, की पुन्हा जखम आणि पुन्हा घाई. अशी वर्षं गेली की एखाद्या पेशीची नक्कल चुकते, ती बेलगाम वाढू लागते, आणि कॅन्सरची सुरुवात तिथून होऊ शकते. म्हणून सूज आवरायची. राखणदारांना ‘पुरे’ म्हणणाऱ्याही पेशी शरीरात असतातच, टी पेशींमधलीच ती एक जात. त्या तुमच्या रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना आतड्याचा पत्ता शिकवायचा आणि परत सोडायच्या. त्या आतड्यात जाऊन ठाण मांडतात. मग दर आठवड्याला एक कॅप्सूल घेतली की त्या कामावर राहतात आणि आतली मारामारी थांबते.

“आता पुढचं नीट ऐका,” मॅडम म्हणाल्या होत्या. “हेच राखणदार बिघडलेल्या पेशी हुडकून मारतात. त्यांना बारा महिने गप्प बसवलं तर चोरही मोकळा सुटतो. उलट बिघडलेली पेशी ‘पुरे’ म्हणणाऱ्यांनाच भोवती जमवते आणि त्यांच्याआड लपते. म्हणून वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे, कॅप्सूल बंद ठेवायची. त्रास होईल, रक्त पडेल, रजेवर राहा. तेवढ्यात राखणदार आतून फिरून येतात. आणि हे ज्याचं त्यानं करायचं असतं. तुमच्यासाठी दुसरी कुणी जेवत नाही, तसंच हे.”

या तीन आठवड्यांना प्रयोगशाळेनं लांबलचक नाव दिलं होतं. बायकांनी त्याचं उघडीप केलं आणि तेच रुळलं. उघडीप वेळच्या वेळी झाली तर दुर्बिणीची तपासणी तीन वर्षांतून एकदा पुरे, असंही कंपनीच्या आरोग्ययोजनेत होतं.

‘निवांत’ सुरू झालं आणि केतकीला तिचं आयुष्य परत मिळालं. कराडच्या स्टँडबाहेर तिनं मिसळ खाल्ली, तर्री मागून घेऊन खाल्ली, आणि गाडी घाट उतरून सुखरूप खाली आली. गादीवर रबरी चादर अंथरायचं बंद झालं. तिचा नवरा संदेश फ्रीजदुरुस्तीची कामं करायचा. इतकी वर्षं तिचे कपडे त्यानं न बोलता धुतले होते. आता दोघं रविवारी गुहागरच्या समुद्रावर जायला लागली, आणि तिथं पोचल्यावर केतकी पहिल्यांदा संडास कुठे आहे ते शोधत नसे.

मग चूक कुठे झाली? चूक झाली ती डेपोच्या चांगल्या सवयीमुळे.

डेपोत सगळ्याची अदलाबदल चालायची. पहाटेची फेरी, दिवाळीची सुट्टी, जत्रेची रजा. तू माझी घे, मी तुझी घेते. एकीच्या नवसाचा नारळसुद्धा दुसरीनं जाऊन फोडला होता, कारण पहिलीला ऐन वेळी फेरी लागली होती, आणि देवीनं तो बिनतक्रार चालवून घेतला होता. अशा डेपोत देवरुखकरांनी उघडीप ड्यूटीच्या ॲपमध्येच बसवली. एका वेळी एकीलाच उघडीप, आणि तिच्यासमोर फेऱ्यांना असायचं तेच अदलाबदलीचं बटण. बटण दाबलं की देणारीच्या आणि घेणारीच्या, दोघींच्या नावापुढे उघडीप झाल्याची हिरवी खूण पडायची. फेरीच्या बाबतीत ते ठीकच होतं. गाडी कुणीही नेली तरी फेरी झालीच. उघडीपही तशीच धरली गेली. पुण्याच्या मुख्य कचेरीत चिपळूण डेपोपुढे कायम हिरवं दिसायचं आणि सगळे खूश होते. मॅडमचं बोलणं ऐकून माना सगळ्यांनीच डोलावल्या होत्या, पण बटण समोर असलं की बोट तिकडे जातंच.

केतकीची उघडीप मे महिन्यात आली. मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न होतं. एकुलत्या एक बहिणीनं करवली म्हणून मिरवायचं की डायपर बांधून मांडवामागे बसायचं? तिनं शाल्मलीची फेब्रुवारीतली उघडीप मागितली. शाल्मलीनं तिच्यासमोरच बटण दाबलं आणि म्हणाली, पैठणी नेस हं, साधं काहीतरी नेसू नकोस. मेमधली उघडीप ती स्वतः घेणार होती.

मे उजाडला आणि सुट्टीची गर्दी उसळली. देवरुखकर शाल्मलीला म्हणाले, ताई, तुम्ही समजूतदार आहात, पावसाळ्यात घ्या. पावसाळ्यात घाटात दरड आली, फेऱ्या वाढल्या. मग गणपती. मग कुणाचं तरी बाळंतपण. दर वेळी देवरुखकर स्वतः तिच्या नावानं बटण दाबायचे आणि नंतर तिला सांगायचे. शाल्मली नाही म्हणायला कधी शिकलीच नव्हती. पुढच्या वर्षीही तेच झालं. पोट दुखत नव्हतं, रक्त पडत नव्हतं, मग तक्रार तरी कशाची करायची? दोन वर्षं तिच्या आतड्यात सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत गाठ वाढत होती. शेवटी आतड्याची वाटच अडली आणि ती डेपोच्या पायरीवर पोट धरून बसली, तेव्हा कळलं.

देवरुखकरांच्या केबिनमधून निघालेली केतकी थेट परकार मॅडमच्या इस्पितळात गेली. शाल्मली खाटेवर बसून स्वतःचे कपडे घडी घालत होती. केतकीला बघून ती ओशाळल्यासारखी हसली, जणू गाठ आणून तिनंच सगळ्यांना त्रास दिला होता.

मॅडमनी केतकीला बाहेर नेऊन खरं काय ते सांगितलं. गाठ कापून काढायची, पण तिची बीजं आजूबाजूला गेली आहेत. नुसत्या ऑपरेशननं भागणार नाही. ‘निवांत’ कायमचं बंद. गाठीच्या आत काही राखणदार पोचलेत, पण तिथं त्यांना गप्प बसवलंय. तेच बाहेर काढायचे, प्रयोगशाळेत लाखोंनी वाढवायचे आणि परत तिच्या रक्तात सोडायचे. चोराचा चेहरा त्यांनी पाहिलेला असतो. हे काम ‘निवांत’वाली प्रयोगशाळाच करते आणि कंपनीच्या योजनेतून ते होऊ शकतं.

“मग अडलंय कुठे?” केतकीनं विचारलं.

“रुग्णानं स्वतःहून उघडीप चुकवली असेल तर तो योजनेतून बाद होतो,” मॅडम म्हणाल्या. “कंपनी तेच म्हणतेय. परवा चौकशी आहे. तुलाही बोलावतील.”

केतकी खोलीत परत आली तेव्हा शाल्मलीला सगळं ठाऊक असल्याचं तिला दिसलं. शाल्मलीनं तिचा हात धरला आणि हळू आवाजात समजावायला लागली. चौकशीत केतकीनं सांगून टाकावं की हे दोघींचं आपसातलं होतं. कंपनीला दोष गेला तर प्रयोगशाळा सगळ्या डेपोचं ‘निवांत’ थांबवेल, असं देवरुखकर सकाळी येऊन सांगून गेले होते. सात बायकांचं सुख एकीसाठी कशाला घालवायचं? आपलं काय, घरी म्हातारे वडील आहेत तेवढे, त्यांचं भाऊ बघेल.

“तुला राग येत नाही?” केतकीनं विचारलं. “देवरुखकरांचा? माझा?”

“तुझा कसला राग गो. तू काय मुद्दाम केलंस?”

केतकीनं हात सोडवून घेतला. तिला शाल्मलीचाच इतका संताप आला की तिथं उभं राहवेना. जाळ तुझा तो समजूतदारपणा, असं ती बोलून गेली आणि दार आपटून बाहेर पडली. जिन्यात थांबून ती रडली. रडण्यातही राग होता, आणि तो नेमका कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी पुण्याहून वैदेही कर्णिक आल्या. चालकांच्या आरोग्ययोजनेचं सगळं कंपनीत त्यांच्याकडे होतं. त्या केतकीच्या घरी आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या, सोलकढी मागून प्यायल्या. इतक्या गोड बोलत होत्या की संदेशला त्या पहिल्या पाच मिनिटांतच आवडल्या. त्यांनी कसलीही धमकी दिली नाही. शाल्मलीताईंबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटतंय, त्यांच्यासाठी वर्गणी काढू, पहिली वर्गणी माझी, असं म्हणाल्या. फक्त उद्या जे झालं ते साधं सरळ सांगायचं. दोन मैत्रिणींनी प्रेमानं पाळ्या बदलल्या, एवढंच. त्यात ॲप आणलं, मॅनेजर आणला, की प्रयोगशाळा घाबरून पुरवठा थांबवणार, आणि मग तुमच्यासकट सगळ्यांना पुन्हा ते जुने दिवस. असं म्हणताना त्यांनी केतकीच्या पोटाकडे एक ओझरती नजर टाकली.

त्या गेल्यावर संदेश बराच वेळ पेला विसळत राहिला. मग म्हणाला, “ती बाई म्हणते तसं सांग केतकी. मला ताईंचं वाईट वाटतं. पण तुझे ते दिवस मी बघितलेत. मला नाही पुन्हा बघवणार.”

“तुला बघवणार नाही,” केतकी म्हणाली. “मला ते भोगायचेत.”

“म्हणूनच सांगतोय.”

तो चुकीचं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. रबरी चादर अजून माळ्यावर होती. दर अर्ध्या तासानं उठणं, आरशातला तो पांढराफटक चेहरा, लोकांकडे जेवायला जाताना सांगायची खोटी कारणं, सगळं केतकीला आठवत होतं. तिला ते नको होतं. अजिबात नको होतं. शाल्मलीसाठी सगळं ओवाळून टाकायला निघालेली शूर बाई वगैरे ती नव्हती. ती घाबरली होती, आणि आपल्याला घाबरवायला कुणी घरात येऊन सोलकढी पिऊन गेलं, याची चीड तिच्या डोक्यातून जात नव्हती.

चौकशी डेपोच्या त्याच हॉलमध्ये झाली. टेबलामागे कर्णिक मॅडम, बाजूला देवरुखकर, आणि टोकाला प्रयोगशाळेकडून आलेला एक चष्मेवाला माणूस, जो मान खाली घालून बसला होता. परकार मॅडम आपणहून आल्या होत्या. बाकीच्या पाच चालक मागच्या बाकांवर बसल्या होत्या आणि केतकीकडे बघायचं टाळत होत्या.

देवरुखकरांनी आधी सगळं सांगितलं. अदलाबदल ही चालकांची आपसातली पद्धत आहे, मॅनेजर त्यात लुडबुड करत नाही, डेपोची उघडीप नेहमी पूर्ण असते. मग कर्णिक मॅडमनी केतकीला हसून विचारलं, “शाल्मलीताईंनी त्यांची उघडीप तुम्हाला स्वखुशीनं दिली. बरोबर?”

“बरोबर,” केतकी म्हणाली. “मी मागितली, तिनं दिली. भावाच्या लग्नात मिरवायला मागितली. त्याची लाज माझी मला आहे, ती तुम्ही वाटून घेऊ नका.”

कर्णिक मॅडम पुढे काही बोलणार होत्या. केतकीनं त्यांना बोलू दिलं नाही.

“पण मी एकदाच मागितली. पुढची दोन वर्षं हे बटण कुणी दाबलं? देवरुखकर साहेब, तुम्ही दाबलंत. मेमध्ये तुम्ही, पावसाळ्यात तुम्ही, गणपतीत तुम्ही. ती नाही म्हणत नाही हे तुम्हाला माहीत होतं. आणि तिच्या नावापुढे दर वेळी हिरवी खूण पडत होती. एक दिवसही कॅप्सूल बंद न ठेवता तिची उघडीप पूर्ण. आमच्या आतड्यांना तुम्ही गाडीची फेरी समजलात. कुणीही मारली तरी चालते.”

टोकाच्या माणसानं पहिल्यांदा मान वर केली. त्यानं देवरुखकरांना विचारलं की अदलाबदलीनंतर दोन्ही नावांपुढे खूण पडते का. देवरुखकर कर्णिक मॅडमकडे बघायला लागले. मागच्या बाकावरून एकीनं, थांबून थांबून, पडते म्हणून सांगितलं. त्या माणसानं मग फार शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे येणारे आकडे एकेका माणसाचे असतात असंच ते धरून चालले होते, आणि त्या आकड्यांच्या भरवशावरच दुर्बिणीची तपासणी तीन वर्षांवर नेली होती. त्याचा चेहरा उतरला होता. तो चांगला माणूस असेल, पण त्यानंही आजवर चिपळूणला येऊन कुणाला विचारलं नव्हतं.

“आम्ही संडास मागितले होते,” केतकी म्हणाली. “चार भिंती आणि पाणी. तुम्ही म्हणालात, खर्च परवडत नाही, आणि आमची पोटंच गप्प केलीत. गप्प केलीत ती केलीत, त्यांना बोलायला दिलेले तीन आठवडेही खाल्लेत. आता तिच्या पोटात जे आहे, ते तुमच्या वेळापत्रकानं वाढवलंय.”

कर्णिक मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो न पिताच खाली ठेवला.

निकाल लागायला फार दिवस लागले नाहीत. प्रयोगशाळेनं शाल्मलीला उपचारांसाठी घेतलं, योजना मानो वा न मानो, कारण हे प्रकरण पुढे गेलं तर त्यांचंही नाव गेलं असतं. आणि त्याच पत्रात त्यांनी घाटवाहिनीचा ‘निवांत’ पुरवठा थांबवला. एकेका माणसाची तपासणी पूर्ण होईपर्यंत, असं लिहिलं होतं. ती कधी होईल ते लिहिलं नव्हतं.

कॅप्सूल बंद झाल्यावर केतकीच्या पोटात आधी नुसती गुरगुर सुरू झाली, मग कळा, मग रक्त. संदेशनं माळ्यावरून चादर काढली आणि तिच्याशी न बोलता अंथरली. डेपोत दोघीजणी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. एकीनं तोंडावर सांगितलं की तुझ्या ताईसाठी तू आमचा संसार मोडलास. केतकीनं तिलाही सोडलं नाही. तुझी स्वतःची शेवटची उघडीप कधी झाली ते आठव, म्हणाली, आणि आधी जाऊन दुर्बीण घालून घे. ती बाई शिव्या घालत गेली. पण गेली ती परकार मॅडमकडेच, आणि तिच्या आतड्यात दोन लहान कोंब सापडले, अजून निरुपद्रवी, तिथल्या तिथे काढण्यासारखे. त्यानंतरही ती केतकीशी बोलली नाही.

शाल्मलीचं ऑपरेशन झालं. आतड्याचा मोठा भाग गेला, पोटावर पिशवी आली. मग प्रयोगशाळेनं वाढवलेले तिचे स्वतःचे राखणदार एका बाटलीतून तिच्या शिरेत सोडले गेले. दिसायला ते नुसतं गढूळ पाणी होतं. परकार मॅडम म्हणाल्या होत्या की ताप येईल, बराच येईल, तो आला तर घाबरू नका, राखणदार कामाला लागले की अंग तापतंच. काळजी करायची ती ताप आला नाही तर.

ताप आला नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. शाल्मली उशीला टेकून शांत पडलेली असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी बरी आहे म्हणून सांगायची. केतकी रजा टाकून तिच्या खोलीत बसून राहिली. खोलीला लागून संडास होता, तेवढी सोय होती. मास्क लावून खाटेपासून चार हातांवर बसायचं आणि कळ आली की उठायचं. शाल्मली तिची ये-जा बघायची आणि माझ्यामुळे गो तुला हे, म्हणून पुटपुटायची. ते ऐकलं की केतकीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवरुखकर आले. दारातच थांबले, मास्कमधून हसले, शहाळी आणली होती ती बाहेरच्या बाकावर ठेवली. तब्येतीची चौकशी झाली. मग त्यांनी फोन काढला. कंपनीची एक छोटीशी इच्छा होती. ताईंनी दोन वाक्यं बोलावीत, फोनवर टिपून घेऊ, की कंपनीबद्दल माझ्या मनात राग नाही. गणपती तोंडावर आलेत, लोक उलटसुलट बोलतायत, चालकांचंही मन थाऱ्यावर येईल.

“ताई, तुमच्यासारखं समजूतदार माणूस नाही,” देवरुखकर म्हणाले. “दोनच वाक्यं.”

केतकी उठली होती, पण तिला बोलावंच लागलं नाही.

शाल्मली उशीवरून पुढे झाली. तिचे गाल लाल झाले होते आणि हात थरथरत होते, थंडी वाजून यावी तसे. “मेल्या,” ती म्हणाली. तिच्या तोंडून असा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. “राग नाही म्हणून सांगू? माझं अर्धं आतडं कापून फेकलं, ही पिशवी लटकवली पोटाला, आणि राग नाही म्हणू? माझ्या नावानं बटण दाबताना एकदा तरी मला विचारलंस? घे, टीप त्या फोनवर. टीप ना.”

देवरुखकर फोन खिशात घालत मागे सरले आणि दिसेनासे झाले. आवाज ऐकून नर्स धावत आली. तिनं शाल्मलीच्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर बघितलं आणि परकार मॅडमना हाक मारायला बाहेर पळाली.

केतकी हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं पुढे होऊन शाल्मलीला आडवं करायला हात दिला. शाल्मलीनं तो झिडकारला.

“आणि तू,” ती म्हणाली.

केतकीचं हसू गेलं.

“माझी होती ती उघडीप. माझी. तुला करवली म्हणून मिरवायचं होतं म्हणून तू मागितलीस आणि मी मूर्खासारखी दिली. मग फोटो दाखवायला आलीस. मी म्हटलं, किती गोड दिसतेस गो. तेव्हा माझ्या पोटात ही गाठ वाढत होती. तू घरी जाऊन झोपलीस. मला राग आलाय तुझा, केतकी. तुझं तोंड बघू नये इतका आलाय.”

केतकीच्या पोटात कळ उठली होती, आणि ती थांबणारी नव्हती. संडासाचं दार चार पावलांवर होतं. बाहेर मॅडमची घाईची चाहूल लागत होती. शाल्मलीचं अंग तापानं फणफणलं होतं आणि ती दात खाऊन केतकीकडे बघत होती, पुढचे शब्द शोधत.

केतकी जागची हलली नाही.

“बोल ताई,” ती म्हणाली. “अजून बोल.”